दसऱ्यातली खोली

वसुमतीअक्का भाडं कधी तोंडानं मागत नसत. महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून बिंदूच्या खोलीत कॉफी येई. पितळेचा पेला, खाली पितळेची वाटी. ती आणायचं काम रघुपतीरावांचं, म्हणजे अक्कांच्या यजमानांचं. पेला दारात ठेवून ते न बोलता परत जात. बिंदूनं कॉफी प्यायची, पेला विसळायचा, त्यात भाड्याच्या नोटा घालायच्या आणि पेला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचा. महिन्यातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी कॉफी येत नसे.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा पेल्यापर्यंतचाच पाहिला. घर फार प्रेमळ आहे असं मला वाटलं. मग नोटा पाहिल्या.

घर बेंगळूरच्या चिकपेटमागच्या गल्लीत होतं. गल्लीत दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांची ये-जा. अक्कांचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडं आलेलं. निदान अक्का तसं सांगत, आणि काल संध्याकाळच्या गाडीनं आल्यासारखं सांगत. पुणं त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहायची इच्छाही नव्हती. त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांनी कानडी शब्द येई आणि आमची बेळगावकडची मराठी ऐकून त्याच हसत.

बिंदूचं पूर्ण नाव बिंदुमाधव. खानापूरचा. वडिलांचं तिथं किराणा दुकान. राज्यांची फेररचना झाल्यावर आमच्याकडची मुलं शिकायला बेंगळूरला येऊ लागली, त्यांतला तो. इंजिनिअरिंग शिकत होता. मी त्याचा शाळेतला मित्र. साहित्य घेऊन बी. ए. झालो होतो आणि नोकरी शोधत होतो. शिवाजीनगरात एका खाणावळीच्या माडीवर आम्ही इतकेजण राहत होतो की झोपायला पाळ्या लावाव्या लागत. म्हणून मी बराच वेळ बिंदूच्या खोलीत असे. अक्का मला 'बीए' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

बिंदूची खोली म्हणजे घराची पुढची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, उंच छत. घरातली तेवढी एकच जागा ऐसपैस होती. मागं एक बोळ, त्यात रघुपतीरावांची खाट. त्यामागं स्वयंपाकघर. रघुपतीराव पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ठरवलं, पुढची खोली विद्यार्थ्याला द्यायची. भाडं बारा महिन्यांचं घ्यायचं. सुट्टी असो नसो. नियम त्यांनी केला आणि मग ते पेपर वाचू लागले. नियम चालवायचा अक्कांनी.

त्या वर्षी बिंदू उन्हाळ्याची सुट्टी संपवून जूनमध्ये परत आला. पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच रघुपतीराव आले. हातात ताट. ताटात कॉफीचे तीन पेले.

"तीन कशाला?" बिंदूनं विचारलं.

रघुपतीरावांनी पेल्यांकडे एकेक बोट करून महिन्यांची नावं सांगितली. दोन महिने बिंदू खानापुरात होता. तिसरा चालू होता.

दोन कॉफ्या बिंदूनं प्यायल्या, एक मी. भाडं मात्र तिन्हींचं त्यालाच द्यायचं होतं. तो चिडला. आधीच्या मुलांनी मुकाट्यानं दिलं असेल, मी देणार नाही, म्हणाला. मग माझ्याकडे वळला. माझ्याजवळ पदवी होती, तिचा आजवर कुणाला उपयोग झाला नव्हता. मला मुद्दा सुचवायला सांगितलं.

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिलो. अक्का विळीवर बीन्स चिरत होत्या. बिंदूनं सुरुवात केली. तो खोलीत नव्हता. दिवा जाळला नव्हता, नळाचं पाणी घेतलं नव्हतं, जिना झिजवला नव्हता. त्या घराला जिना माडीवरच्या अडगळीपुरताच होता, पण बिंदू रागात होता.

अक्का चिरता चिरता म्हणाल्या, "तू नव्हतास. तुझी ट्रंक होती की. ती पण सुट्टीवर गेली होती काय?"

बिंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झालो. म्हणालो, "अक्का, भाडं राहण्याचं असतं. जो राहत नाही त्यानं भाडं देऊ नये. आणि जो भाडं देत नाही त्याची ती खोली नव्हे. न्याय दोन्ही बाजूंनी सारखा."

अक्कांची विळी थांबली.

"परत म्हण, बीए."

मी परत म्हटलं. त्या ते असं ऐकत होत्या की मलाच संकोच वाटू लागला. मी नजर वळवली. समोरच्या फळीवर डाळीच्या डब्यांशेजारी दोन लाल लाकडी बाहुल्या उभ्या होत्या. जरीचे कपडे घातलेले, कपडे थोडे तेलकट. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, हे कोण.

"राजाराणी. पट्टाचे गोंबे, मानाच्या बाहुल्या. माझ्या आईनं लग्नात दिले." त्या पुन्हा चिरू लागल्या. "पूर्वी दसऱ्याला सगळा दरबार भरायचा त्यांचा. आता डाळीवर राज्य करतात."

मग त्यांनी निकाल दिला. उन्हाळ्याचं भाडं द्यायचं. ते सुटणार नाही. दसऱ्याच्या सुट्टीचं त्या सोडतील. मात्र कॉलेजला सुट्टी लागल्यापासून कॉलेज उघडेपर्यंत खोली त्यांची. बिंदूनं ट्रंक जिन्याखाली ठेवायची आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायची.

"सरी?"

"सरी," बिंदू म्हणाला. अर्धा तरी जिंकलो असं त्याला वाटलं.

अक्कांनी बोळाकडे तोंड करून सांगितलं, "ऐकलंत काय? पोरांनी मला हरवलं. दसऱ्याचं भाडं बुडालं."

पेपरमागून "हं" आला.

आम्ही बाहेर जाऊन डोसा खाल्ला. हरलेल्या माणसानं इतक्या चटकन पुन्हा बीन्स चिरायला घेऊ नयेत, असं मला मध्येच वाटून गेलं. पण डोसा चांगला होता.

पुढं निकाल लागला. बिंदू गणितात नापास. फेरपरीक्षा दसऱ्याच्या सुट्टीनंतर लगेच. वडिलांनी खानापूरहून निरोप पाठवला, की आणखी एकदा बघ. या वेळीही जमलं नाही तर दुकानातली गादी रिकामीच आहे. वडील रागीट नव्हते. त्यांना खरोखर आनंदच झाला असता, आणि बिंदूला भीती वाटत होती ती त्या आनंदाची.

दसऱ्याची सुट्टी लागली. बिंदूनं ठरल्याप्रमाणे ट्रंक जिन्याखाली सारली, किल्ली दिली आणि अभ्यासाला घरी गेला. घटस्थापना झाली आणि तो परत निघाला. घरी बहिणीची मुलं आली होती. त्यांच्यात अभ्यास होईना. शिवाय वडील त्याला रोज सकाळी गूळ तोलायला बसवू लागले होते. सवय असावी म्हणून.

मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी संध्याकाळी आली. चालत चिकपेटला निघालो. वाटेत बिंदू सांगत होता, आता खोलीचं दार लावून घेणार आणि परीक्षेच्या सकाळीच उघडणार.

दार उघडंच होतं. बाहेर बायकांच्या चपलांची रांग. खिडकीतून उजेड रस्त्यावर आला होता.

आत बिंदूची खोली नव्हती. तिथं जमिनीपासून पार वरपर्यंत पायऱ्या चढत गेल्या होत्या. त्यांवर पांढरं कापड. पायऱ्यापायऱ्यांवर, तिथल्या घरांत दसऱ्याला मांडतात तशा, बाहुल्या. देव, ऋषी, हत्ती, वाजंत्री, एक इंग्रजी टोपीवाला साहेब. सगळ्यांत वर राजाराणी, नव्या जरीत. फार दिवसांनी डाळीच्या वासातून सुटल्यासारखे ताठ उभे होते. खाली मातीच्या परातीत मोहरीचं कोवळं रान उगवलं होतं आणि त्यात एक मातीचा वाघ गाईशेजारी निवांत बसला होता. कापडाची कड थोडी वर झाली होती. तिथं मला बिंदूच्या टेबलाचा पाय दिसला. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे त्याचं टेबल होतं.

त्या टेबलावर एक मातीचा शेट्टी बसला होता. लठ्ठ, हसरा, शेजारी बायको. दोघांसमोर तांदूळ, डाळी, गूळ यांचे छोटे ढीग. दुकान मांडून बसला होता.

बिंदू त्या शेट्टीकडे बघत उंबऱ्यावरच बसला.

वसुमतीअक्का रेशमी लुगड्यात होत्या. मी त्यांना तशा कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी बायकांना कुंकू लावलं, शेंगदाण्यांची पुरचुंडी दिली, वाटेला लावलं. मग आमच्या हातांत उसळीचे द्रोण ठेवले.

बिंदूनं सगळं सांगितलं. परीक्षा, गूळ, वडिलांचा आनंद. खोली हवी म्हणाला.

"कॉलेज उघडलं काय?"

"नाही."

"मग खोली माझी."

बिंदूनं भाडं देऊ केलं. पूर्ण सुट्टीचं. अक्कांनी नकारार्थी मान हलवली. बिंदू म्हणाला, वर आणखी देतो. हे वाक्य भाडेकरूच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

"भाडं घेतलं की खोली तुझी होते," अक्का म्हणाल्या. "मग यांनी कुठं जायचं? एकदा मांडले की विजयादशमीच्या रात्रीपर्यंत हलवायचे नसतात. राजाला मध्येच खाली उतर म्हणायचं काय? बीए, तूच सांग. जो राहत नाही त्यानं भाडं देऊ नये. कोण म्हणालं होतं?"

मी उसळ खात राहिलो.

"मग या बाहुल्यांकडून भाडं घ्या," बिंदू कडवटपणे म्हणाला. "त्या राहतात."

"त्या पाहुण्या आहेत. इतकी वर्षं पेटीत होत्या."

रात्री बिंदूनं बोळात, रघुपतीरावांच्या खाटेखाली वळकटी टाकली. मला त्या दिवशी माडीवर पाळी नव्हती, म्हणून मीही तिथंच आडवा झालो. रघुपतीराव खाटेवरून बोलू लागले. त्यांना इतकं बोलताना मी तेव्हाच ऐकलं. खोली भाड्यानं दिली आणि त्या वर्षापासून बाहुल्या पेटीत गेल्या. घरात दुसरीकडे पायऱ्या मावत नाहीत. मुलं सुट्टीत गावी जात, खोली रिकामी असे. पण भाडं घेतलेलं असे. घेतलेल्या भाड्याच्या खोलीत ती पाऊल टाकत नसे. झाडायलासुद्धा नाही.

"मग सुट्टीचं भाडं घ्यायचं नाही," मी म्हणालो.

"नियम माझा होता. तो आपण होऊन मोडायची नाही ती. तसा तिचा स्वभाव." ते कुशीवर वळले. "दरवर्षी वाट बघायची, कुणी पोरगा भांडतो काय म्हणून. एकही भांडला नाही. सगळे पैसे देऊन जायचे. सज्जन मुलं. फार वैताग यायचा तिला."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मी पोस्टात होतो," रघुपतीराव म्हणाले. "पत्र कुणाचं ते कळतं. आपण फोडायचं नसतं."

मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलो. इतका विचार करून रचलेला माझा मुद्दा. तो कुणीतरी मांडावा म्हणून अक्का विळीपुढं किती वर्षं बसून होत्या.

सकाळी बिंदूनं शेवटचा प्रयत्न केला. स्वयंपाकघरातला पेला त्यानं स्वतः उचलला, त्यात नोटा घातल्या आणि उंबऱ्यावर ठेवला. थोड्या वेळानं पेला रघुपतीरावांबरोबर परत आला. पेल्यात कॉफी होती. नोटा खालच्या वाटीत, घडी मोडू न देता ठेवलेल्या. महिन्याच्या मध्ये, पैसे न घेता, त्या घरातून कॉफी आली होती. बिंदू तिच्याकडे बघत राहिला. पाणी डोक्यावरून गेलं आहे हे त्याला तेव्हा कळलं.

मागोमाग अक्का आल्या. म्हणाल्या, बायका दिवेलागणीनंतर येतात. दिवसभर दरबार रिकामा असतो. शेजारच्या मांजराचा डोळा राणीच्या जरीवर आहे. कुणीतरी राखण बसायला हवंच.

"दिवसा राजाराणी गप्प असतात. तूही गप्प बस. पाय त्यांच्याकडे करायचे नाहीत. दिवे लागले की उठायचं."

"टेबल?"

"टेबलावर शेट्टी आहे."

त्या दिवसापासून बिंदू आपल्याच खोलीत जमिनीवर बसून गणितं करू लागला, मांजरावर नजर ठेवणारा राखणदार म्हणून. समोर, नेमका डोळ्यांच्या रेषेत, तो शेट्टी. बिंदूनं एखादं गणित चुकवलं की शेट्टी हसतोय असं त्याला वाटे. तो सकाळी शेट्टीचं तोंड भिंतीकडे फिरवी. संध्याकाळी अक्का ते पुन्हा फिरवीत. गिऱ्हाइकाकडे पाठ करणारा दुकानदार त्यांना चालत नसे. दोघंही याबद्दल एकमेकांशी बोलत नसत.

पण शेट्टीचा परिणाम झाला. मी बिंदूला इतकं सलग बसलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. बाहेर जायची सोय नव्हती, मांजर होतं. लोळायची सोय नव्हती, पायांचा प्रश्न होता. गप्पांना मी होतो, पण अक्कांनी मला दिवसा यायला बंदी केली. "तू बोलतोस, बीए. शेट्टी बोलत नाही."

एका संध्याकाळी बिंदू एका गणितात अडकला आणि उठायचं विसरला. दिवे लागले. बायका आल्या. तो कोपऱ्यात मांडी घालून, वही मांडीवर, पेन्सिल हवेत, तसाच. मी नेमका तेव्हाच येऊन दाराशी उभा राहिलो होतो. एका लहान मुलीनं सगळ्या बाहुल्या पाहिल्या आणि मग बिंदूपुढं येऊन थांबली. तिनं अक्कांना विचारलं, हा गोंबे हलतो काय.

"परीक्षा झाली की हलेल," अक्का म्हणाल्या.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बिंदूनं मान वर केली नाही. त्याला उत्तर सापडत होतं. अक्कांनी त्याला उठवलं नाही. बायकांना त्यांनी त्या कोपऱ्यापासून थोडं लांबून नेलं, आवाज थोडा खाली आणला, आणि एकीनं गाणं म्हणायला घसा साफ केला तेव्हा तिच्या हातात उसळीचा द्रोण दिला. दुसऱ्या दिवसापासून दिवे लागल्यावरही बिंदू कोपऱ्यात राहू लागला. गल्लीत बातमी पसरली होती. काही बायका तर, मला वाटतं, त्यालाच बघायला येत.

विजयादशमीच्या रात्री अक्कांनी राजाराणीला हळूच आडवं केलं. दोघांच्या डोक्याखाली बोटभर उशा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळा दरबार जुन्या धोतरांच्या चिंध्यांत गुंडाळून पेटीत गेला. शेट्टीला बिंदूनं स्वतः गुंडाळलं. जरा घट्टच. पायऱ्या निघाल्या. टेबल मोकळं झालं. अक्कांनी खोली झाडली आणि किल्ली बिंदूच्या हातात दिली.

"उद्या कॉलेज उघडतं. आता खोली तुझी."

बिंदू टेबलाशी जाऊन बसला. थोड्या वेळानं उठला आणि जमिनीवर, त्याच कोपऱ्यात बसला. परीक्षेपर्यंत तो तिथंच होता.

तो पास झाला. खानापूरला वडील थोडे खट्टू झाले. निकालाच्या दिवशी बिंदूनं पेढे आणले. अक्कांनी दोन पेढे फळीवर, डाळीच्या डब्यांपुढं ठेवले. राजाराणी तिथं परत आले होते. त्यांना पेटीत ठेवायचं अक्कांच्या जिवावर येई.

त्यानंतर बिंदू त्या खोलीत तीन दसरे राहिला. एकदाही त्यानं दसऱ्याचं भाडं दिलं नाही. एकदाही त्या सुट्टीत घरी गेला नाही. पायऱ्या लावायला तोच असे.

शिक्षण संपवून तो एका धरणाच्या कामावर रुजू झाला. त्याच महिन्यात मला एका विमा कचेरीत नोकरी लागली. माडीवरच्या पाळ्यांना मी कंटाळलो होतो. अक्कांची खोली रिकामी झाली होती. घर माझ्या ओळखीचं, मी घराच्या ओळखीचा. पगार होता. बारा महिन्यांचं भाडं मी दसऱ्यासकट द्यायला तयार होतो. उंबऱ्याशी जाऊन मी हे सगळं नीट सांगितलं.

अक्का विळीवर बसल्या होत्या. त्यांना आनंद झाला. नोकरी कुठं, पगार किती, जेवण कुठं, सगळं विचारलं. रघुपतीरावांना हाक मारून सांगितलं की बीएला नोकरी लागली. पेपरमागून "हं" आला, पण नेहमीपेक्षा लांब. मी मनात टेबल खिडकीशी सरकवत होतो.

मग त्यांनी विचारलं, "दसऱ्याला सुट्टी किती तुला?"

"एक दिवस," मी म्हणालो. "फार तर दोन."

अक्कांनी विळी बाजूला केली. माझ्याकडे पाहिलं. फळीवरच्या राजाराणींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं.

"मग कसं जमायचं, बीए?"

मी म्हणालो, दसऱ्यात मी खाटेखाली झोपेन. बिंदू झोपत होता.

"बिंदूला सुट्टी होती. तेवढे दिवस खोली माझी होती. तुला सुट्टी नाही म्हणजे खोली तुझीच. तू भाडं देणार म्हणतोस वर." त्यांनी बीन्स पुन्हा हातात घेतले. "न्याय दोन्ही बाजूंनी सारखा. कॉलेजात शिकणारा कोण पोरगा असला ओळखीचा तर सांग. स्वल्प भांडखोर असला तर बरं."

मी बोळातून बाहेर आलो. रघुपतीरावांनी पेपर खाली केला होता. हातातला कॉफीचा पेला त्यांनी माझ्यापुढं केला. अर्धा भरलेला होता. महिन्याची पहिली तारीखही नव्हती.